सूर्यास्ताचं ताट

सूर्य मावळला आणि त्याच क्षणी मिरजेतल्या त्या रुग्णालयात शेजारशेजारच्या दोन खाटांपाशी जेवणाची ताटं येऊन थांबली. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या याकूब मुजावरांनी खजूर तोंडात टाकून रोजा सोडला. पलीकडच्या खाटेवर भूपाल मगदूमांनी ताट बाजूला सारलं.

"अण्णा, खा की. इन्सुलिन घेतलंय तुम्ही, साखर उतरंल."

"दिवस बुडाला, याकूबभाई. तुमचं सुरू झालं, माझं बंद झालं."

कालही हेच झालं होतं. खाटेपाशी उभी असलेली भूपालांची मुलगी पद्मजा मनातून चरफडत होती. ताटांच्या वेळा ठरवणारी 'साम्यक' ही प्रणाली तिनेच घडवली होती. जगातल्या धर्मांच्या श्रद्धा आणि आचार एकमेकांशी ताडून पाहायचे, त्यांतलं सारखं ते शोधायचं आणि त्यावरून रुग्णांची जेवणं, प्रार्थना ठरवायच्या. कुणी दुखावलं जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता.

तिने भिंतीवरच्या साम्यकच्या पडद्याला विचारलं, "दोघांना एकाच वेळी ताट कशाला?"

"दोघांचाही नियम सूर्यास्ताशी बांधलेला आहे. साम्य ब्याण्णव टक्के."

"अरे, पण अण्णा जैन आहेत! त्यांना सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, यांना नंतर!"

"आधी आणि नंतर यांचा मध्य सूर्यास्त आहे."

"पहाटंचंही तसंच हाय, ताई," याकूब म्हणाले. "सहरी, म्हंजे रोजाआधीचं खाणं, उजाडायच्या आधी लागते. मला मिळते ती ऊन आल्यावर. मग दिवसभर तसाच."

भूपालांचा हात थरथरू लागला. कपाळावर घाम आला. सिस्टर फिलोमिना धावत आली आणि तिने ग्लुकोज लावलं. "मी लवकर ताट मागितलं होतं, मॅडम. ठरलेली वेळ होईपर्यंत साम्यक स्वयंपाकघराचं कपाटच उघडत नाही."

"अण्णा, आजारपणात सगळ्याच धर्मांत सूट असते हो," पद्मजा काकुळतीने म्हणाली.

"असते. पण ती घ्यायची की नाही, हे तुझं यंत्र ठरवणार?"

पद्मजा पडद्याकडे वळली. तिने संकेतशब्द टाकला आणि साम्यकची तुलना बंद केली. इतक्या वर्षांचं काम एका बोटाने थांबलं, त्याचंही तिला रडू येत होतं.

पडदा उजळला. "तुलना थांबवली आहे. आता प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र विचारावं लागेल. काय विचारू?"

पद्मजाची बोटं कळफलकावर तशीच राहिली. खरंच, माणसाला त्याच्या श्रद्धेबद्दल पहिला प्रश्न कोणता विचारायचा?