हाक निहारिकाला, ओ चित्रलेखाची

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही, माझ्या सख्ख्या मावसबहिणीची आहे. पटली तर वाचा, नाहीतर खुशाल पुढे स्क्रोल करा. मला लाइकची पडलेली नाही.

आणि यात अमावस्येची रात्र वगैरे काही नाही हं.

भर दुपार होती. गेल्या फेब्रुवारीतला, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातला, एक गुरुवार. मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्न आहे, तिथल्या नव्या वस्तीत घडलं हे. सगळी घरं एका साच्यातली, मधे पत्र्याचं कुंपण, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळे कामावर. त्या दिवशी तर ऊन चाळिशी पार गेलं होतं.

माझी ही मावसबहीण म्हणजे चित्रलेखा. घरून काम करते. हेडसेट लावून दिवसभर लोकांच्या इन्शुरन्सच्या तक्रारी ऐकते, त्यामुळे तिच्यापुढे कुणाची मिजास चालत नाही. नवरा अजित, आयटीत. माणूस सरळ, पण कुणाच्या घरात काही झालं की त्याचं ठरलेलं वाक्य, "आपल्याला काय करायचंय?"

कुंपणापलीकडे प्रणव आणि निहारिका राहायचे. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली. तो एअरपोर्टवर विमानांच्या दुरुस्तीत होता, पहाटेची शिफ्ट. ओळख झाली ती कोथिंबिरीवरून. चित्रलेखाने कुंपणावरून एक जुडी डब्यात घालून दिली, निहारिकाने डबा परत देताना त्यात शिरा दिला. एवढंच. नातं नाही, गाव एक नाही, काही नाही.

प्रणव रोज दुपारी घरी आला की गॅरेजचा रोलर डोअर, म्हणजे विजेवर चालणारं शटर, वर जायचा. घर्रर्र... आणि बूट काढायच्या आधीच तो हाक मारायचा.

"निहा..."

आतून ती म्हणायची, "ओ, आले."

चित्रलेखाला हे कुंपणापलीकडून रोज ऐकू यायचं. ते ऐकलं की ती आपला चहा टाकायची.

मग एका दुपारी रोलर डोअर वाजलाच नाही.

फ्रीवेवर अपघात झाला होता. पोलीस दारात आले तेव्हा निहारिका त्यांचं बोलणं अर्धवट सोडून, अनवाणी, चित्रलेखाकडे पळत आली. हॉस्पिटलमध्ये नर्सने चित्रलेखाला विचारलं, तुम्ही फॅमिली आहात का? ही म्हणाली, नेबर. मग तिला बाहेर बसावं लागलं, आणि आत ती पोर एकटी गेली. ते चित्रलेखाच्या फार जिव्हारी लागलं.

दोन्हीकडच्या आईवडिलांना व्हिसा वेळेत मिळाला नाही. तेरा दिवस इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी डबे पोचवले, ते खरंच चांगलं केलं. पण त्यानंतर नुसते मेसेज. काही लागलं तर सांग. अहो, जिला कंगवा उचलायचं सुधरत नाही, ती काय सांगणार?

केस चित्रलेखाने विंचरले. घासही तिनेच भरवला. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नेलं, गोळ्या सुरू केल्या, काउन्सेलरच्या दाराबाहेर गाडीत बसून राहिली. मंडळातल्या रेखाताईंनी फोन करून समजावलं की अगं, तिचा भाऊ येईल, तो बघेल, आपण परक्या माणसाने किती गुंतायचं. चित्रलेखा म्हणाली, गुंतून झालं रेखाताई, आता सल्ल्याला उशीर झाला.

आणि एक दिवस निहारिका हसली.

चित्रलेखाला आधी बरं वाटलं. मग तिने नीट बघितलं... ते हसू या घरातल्या कुणासाठी नव्हतंच.

"ताई, प्रणव येतो दुपारी," निहारिका म्हणाली. "हाक मारतो. मी अजून ओ दिली नाही."

चित्रलेखाने विचारलं, का नाही दिलीस?

"देईन. एकटा आहे म्हणतो तो. फार केविलवाणं बोलतो हो."

आपल्याकडे लहानपणी सगळ्यांना सांगितलेलं असतं. बाहेरून हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसरी मारेल. ते जे दुसरं असतं, ते तिसरी मारत नाही. चित्रलेखाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण त्या संध्याकाळी तिने निहारिकाच्या काउन्सेलरला फोन केला, तिच्या भावाला नाशिकला फोन केला, आणि मग अजितला पाठवून शेजारच्या गॅरेजची वीज बोर्डावरूनच बंद करून टाकली. अजित कुरकुरला, पण गेला.

भाऊ रविवारी पोचणार होता. तोवर निहारिकाला एकटं सोडायचं नाही, असं ठरलं. ती स्वतःचं घर सोडून यायला तयार नव्हती, म्हणून चित्रलेखाच लॅपटॉप घेऊन तिच्या घरी जाऊन बसायला लागली.

तर तो गुरुवार.

पडदे ओढलेले. कूलर घरघरत होता. खिडकीवर माश्या आपटत होत्या. दोघी सोफ्यावर बसल्या होत्या, निहारिका भिंतीकडे बघत, चित्रलेखा मेल लिहीत.

आणि कूलरचा आवाज थांबला.

लाइट गेले असतील, असं तिला वाटलं. पण लॅपटॉपचं चार्जिंग चालू होतं. कूलरचं पातं फिरत होतं...

फिरत होतं, पण आवाज नव्हता.

माश्याही गप्प झाल्या. समोरच्या घरातला कुत्रा दिवसभर भुंकत असतो, तोही गप्प.

मग गॅरेजमधून आलं...

घर्रर्र...

वीज बंद होती. रिमोट तर त्या चेंदामेंदा झालेल्या गाडीबरोबरच गेला होता. तरी दार सावकाश वर गेलं, ठक्कन थांबलं.

"निहा..."

चित्रलेखाने तो आवाज इतके महिने ऐकलेला. ओळखायला क्षणही लागला नाही.

निहारिका उभी राहिली. चित्रलेखाने तिचा हात धरला. हात गरम होता, तापल्यासारखा.

"निहा..."

हे जवळून आलं. गॅरेजमधून घरात यायला एक दार असतं, त्या दाराच्या अगदी पलीकडून.

दोन झाल्या. चित्रलेखाने देवाचं नाव घेतलं. संपलं, आता तिसरी नाही, आता नाही...

बराच वेळ काही नाही.

मग दाराची कडी हलली.

"निहा, ये ना. एकटा आहे गं मी."

तिसरी.

लहानपणी सांगितलेलं सगळं खोटं निघालं होतं. निहारिकाचा चेहरा उजळला. तिने श्वास घेतला, ओठ उघडले...

आणि चित्रलेखाने तिच्या तोंडावर हात दाबला आणि स्वतः म्हणाली,

"ओ."

मोठ्याने. खणखणीत.

कडी जागच्या जागी थांबली.

मग तोच आवाज. पण आता त्यात अदब होती. जिवंतपणी तो जसा बोलायचा, तसाच.

"चित्राताई? तुम्ही कशाला मध्ये पडता?"

चित्रलेखा मला सांगत होती, त्या हाकांनी मी घाबरले नव्हते एवढी या वाक्याने घाबरले. कारण त्याला राग आलेला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"मी तिचा नवरा आहे ताई. तुम्ही कोण तिच्या?"

आता बघा, हाच प्रश्न. नर्सने विचारला, रेखाताईंनी विचारला, घरात अजितने दहादा विचारला. आणि आता याने. चित्रलेखाचं डोकंच फिरलं. ती दारासमोर जाऊन उभी राहिली. एका हाताने निहारिकाला मागे धरून.

"नात्याने कोणी नाही," ती म्हणाली. "पण तुझी बातमी आली तेव्हा ही माझ्याकडे पळत आली. हिला घास मी भरवलाय, प्रणव. रात्री हिच्या उशाशी मी बसलेय. ते सगळं करून आता मी बाजूला होऊ, आणि तू हिला घेऊन जा? मला नाही जमायचं. तू चांगला मुलगा होतास. तुझं फार वाईट वाटतं मला, रोज वाटतं. पण हिच्या नावाने हाक आली तर या घरात ओ मी देणार. काय करायचं ते कर."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. पण हात सोडला नाही.



मग दारापलीकडून कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला. मग बुटाची नाडी सोडल्याचा. एक बूट जमिनीवर टेकला.

दुसरा टेकला.

आणि एकदम कूलर घरघरायला लागला. समोरचा कुत्रा भुंकला. निहारिका खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली. अपघातानंतर ती पहिल्यांदा अशी रडली होती.

अजित घरी आल्यावर दोघांनी ते दार उघडलं. गॅरेजचा रोलर डोअर बंद होता. आत बूट नव्हते, कुणीच नव्हतं. पण पत्र्याचं दार बाहेरून हात भाजेल इतकं तापलेलं असताना, आतली जमीन थंडगार होती. अजित हात लावून बराच वेळ तसाच ओणवा राहिला. त्याचं ठरलेलं वाक्य मात्र तो त्या दिवशी बोलला नाही.

त्यानंतर निहारिकाला हाक आली नाही. एकदाही नाही.

रविवारी तिचा भाऊ नचिकेत आला. समंजस मुलगा. सगळं आवरून बहिणीला नाशिकला न्यायचं असं त्याने ठरवलं होतं, आणि तीही आधी तयार होती. बॅगा भरल्या. पण निघायच्या आदल्या दिवशी ती चित्रलेखाच्या स्वयंपाकघरात उभी असताना तिने काहीतरी ऐकलं. चित्रलेखाचा हात कणकेत तसाच थांबलेला तिने बघितला.

त्या दुपारी ती भावाला म्हणाली, मी येत नाही.

त्याने कारण विचारलं.

"ताईंना आता हाका येतात, दादा. माझ्या जागी त्यांनी ओ दिली होती."

तो तिला समजवायला लागला. औषधं चालू आहेत, तुला आरामाची गरज आहे. शेवटी वैतागून म्हणाला, अगं पण त्या आपल्या कोण? निहारिकाने बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावायला घेतले.

हे सगळं चित्रलेखाने मला सांगितलं तेव्हा, खरं सांगते, मी अर्धंच धरलं. म्हटलं, दोघींनी फार सोसलंय, मनाचे खेळ असतील. मी ग्लेन वेव्हर्लीला राहते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. लांबून असं म्हणणं सोपं असतं.

मागच्या रविवारी दुपारी मी तिच्याशी फोनवर बोलत होते. मुलांची युनिव्हर्सिटी, कुणाचं काय, उगाच इकडचं तिकडचं. तिच्या मागे कूलर चालू होता, मला घरघर ऐकू येत होती.

घरघर थांबली.

मग फोनमध्ये...

"चित्रे..."

चित्रलेखाला चित्रे म्हणणारं जगात एकच माणूस होतं. तिची आई, माझी मावशी. ती गेली तेव्हा चिंचवडच्या घरी मी तिच्या पायाशी बसले होते.



"चित्रे, जेवलीस का गं?"

आता सांगा. आईने असं विचारल्यावर कोण गप्प राहील? मला चित्रलेखाचा श्वास ऐकू आला. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा. मी ओरडणारच होते, नको, नको बोलूस.

तेवढ्यात दुसरा आवाज आला. तरुण, थोडा कापरा, पण स्पष्ट.

"ओ. मी निहारिका. जेवल्यात त्या. मी वाढलं होतं."

मग काही नाही. मी फोन कानाला घट्ट धरून उभी होते. किती वेळ, कुणास ठाऊक. मग कूलरची घरघर परत सुरू झाली आणि चित्रलेखा हुंदके द्यायला लागली.

"आईला वाईट वाटलं असेल गं," एवढंच ती म्हणाली.

ती खरंच मावशी होती की मावशीचा आवाज घेऊन आलेलं दुसरं काही, ते मला माहीत नाही. मला जाणूनही घ्यायचं नाही. मी फोन ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली. नवऱ्याने विचारलं, आत्ता या उन्हात क्रेगीबर्नला? निहारिका आहे ना तिच्याजवळ, अजितही येईल संध्याकाळी, तू जाऊन काय करणार?

मी म्हटलं, ते मला माहीत नाही. पण आता मीही ऐकलंय.