गिरणीची भूक

गिरणीघराच्या लोखंडी जिन्यावर दोघं समोरासमोर आले आणि कुणी मागे सरकायचं यावर अडून बसले. खनिजाचे दगड दळणाऱ्या त्या अजस्र गिरणीच्या गडगडाटात बोलणं अशक्यच होतं. त्याने तिच्या कानांकडे बोट दाखवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि खिशातून कानात घालायच्या बोळ्यांची नवी जोडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. मग आपणच चार पायऱ्या मागे चढून तिला वाट दिली. आगाऊ आहे, असं तिला वाटलं. डोळे मात्र छान आहेत, असंही वाटलं.

तो कंट्रोल रूमचा शिफ्ट इन्चार्ज निघाला. ती मुख्य कार्यालयातून आलेली, ‘गणितवाल्या मॅडम’. दगड किती कठीण, माल किती, आणि तो दळायला गिरणी किती वीज खाईल, याचं मॉडेल बांधणं हे तिचं काम. त्यामुळे रोज सकाळी ती आकडे विचारायला त्याच्याकडे जायची. आकडे सांगायला दोन मिनिटं पुरायची. चहा मात्र चांगला अर्धा तास चालायचा. तो तिच्या गणिताची थट्टा करायचा, ती त्याच्या अक्षराची. पण त्यापुढे गाडी काही सरकत नव्हती. फोनवर आत्याने खोदून खोदून विचारलं, तेव्हा “कुणी नाही गं” म्हणताना ती उगाचच लाजली.

आज नव्या, जास्त कठीण दगडाची चाचणी होती. मॉडेल जुळलं तर नव्या गिरणीच्या कामासाठी तिला इथेच ठेवणार होते. नाही जुळलं, तर सोमवारी परत. तिला राहायचं होतं... आणि ते काही गिरणीच्या प्रेमापोटी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कंट्रोल रूममध्ये तो बटणांपाशी बसला आणि चाचणी सुरू झाली. काचेबाहेर भुरभुर पाऊस लागला होता. विजेचा आकडा तिच्या अंदाजापर्यंत चढला, आणि मग घसरायला लागला. मॅनेजरसाहेब खूश. दगड कठीण, तरी वीज कमी! मॅडमचं गणित जरा जास्तच घाबरट होतं म्हणायचं, असं ते हसत म्हणाले. पण तेवढ्यात तिचं लक्ष आवाजाकडे गेलं. खणखणीत गडगडाट जाऊन नुसती घरघर उरली होती.

“माल कमी करा,” ती म्हणाली. “गिरणी उपाशी असली तरी कमी वीज खाते, आणि गळ्यापर्यंत भरली तरी कमीच. आता ती तुडुंब भरलीय.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. माल कमी केला आणि वीज आणखी पडली, तर चाचणीच वाया जाणार होती. माल सोडायचं बटण त्याच्या हाताखाली होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं.

“खात्री आहे?”

“आहे.”

त्याने माल कमी केला. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग आवाज मोकळा झाला, आकडा हळूहळू चढत गेला आणि तिच्या आकड्याच्या अगदी शेजारी येऊन थांबला. साहेब मुख्य कार्यालयाला फोन करायला निघून गेले.

“माझं चुकलं असतं तर साहेबांनी तुम्हालाच धारेवर धरलं असतं,” ती म्हणाली. “एवढा विश्वास?”

“गणितावर होता.” तो पडद्याकडे बघत राहिला. “तुमचीच खात्री नव्हती... राहाल की जाल.”

आता नाही तर कधीच नाही.

“एक सांगू? ते आकडे मला माझ्या टेबलावरच्या संगणकावर दिसतात. पहिल्या दिवसापासून. रोज वर यायची काही गरजच नव्हती.”

तो वळला. त्याचे कान लाल झाले होते.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “ती जोडणी मीच करून दिली होती.”