म्हातारा व्हॉल्व्ह

बंडलकाकांची ही गोष्ट कोणी म्हणजे कोणी खरी मानणार नाही. गल्लीतल्या गिटारवाल्यांनी त्यांना हे नाव उगाच दिलेलं नव्हतं. व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या तापत्या नळ्यांचे, जुने अँप दुरुस्त करता करता काका अशा लोणकढ्या सोडत, की गिऱ्हाईक अँप न्यायचं विसरून ऐकत बसे. एका अँपच्या उबेला मांजर व्यायली आणि तिची पिल्लं जन्मभर सुरात ओरडली, ही त्यातली सगळ्यात सभ्य थाप. पण ही एक गोष्ट त्यांनी कुणापाशी काढली नाही, कारण एवढी एकच त्यांना रचावी लागली नव्हती.

काकांची बायको बेस गिटार वाजवायची. तिचा अँप लहानशा कपाटाएवढा. उचलताना दोन माणसांची कंबर धरायची आणि तिसरा शिव्या द्यायचा. ती गेली तेव्हा काकांनी त्याच्यावर चादर टाकली आणि दुकानाच्या कोपऱ्याकडे बघायचंच सोडून दिलं. मग दुसऱ्या शहरातून मुलीचा फोन आला. तीही आईसारखी बेसवालीच.

"बाबा, रेकॉर्डिंगला मला आईचाच अँप हवाय. जरा नीट करून ठेवा, मी न्यायला येते."

भर दुपारी काकांनी चादर काढली. बटण दाबलं. काचेच्या नळ्यांमध्ये हळूहळू नारिंगी जीव आला, तापल्या धुळीचा वास सुटला आणि स्पीकर गुणगुणू लागला. त्या गुणगुणीत एक ठेका होता. चपलेचा. टाच उचलून नुसत्या चवड्यानं धरलेला.

काका स्वतःशीच हसले. व्हॉल्व्ह म्हातारा झाला, की तो माईकसारखा वागायला लागतो. खोलीतली खुट्टखाट ऐकतो आणि मोठ्यानं सांगत सुटतो, एखाद्या चोंबड्या शेजाऱ्यासारखा. जिन्यावरून कोणीतरी उतरत असणार. त्यांनी पेन्सिलीनं एकेका नळीला टिचकी मारली. पहिलीच स्पीकरमधून टिण्णकन बोलली.

"सापडलास, लेका."

नवीन व्हॉल्व्ह बसवला. अँप पुन्हा तापला, ठेका पुन्हा आला. या खेपेला त्याच्या मागून कोणीतरी हलकेच खाकरलं.

बायको गाणारी नव्हती. तरी वाजवायला सुरुवात करण्याआधी ती नेमकी अशीच खाकरायची. घशात काही नसताना, समोरच्यांना सावध करावं तशी.

काकांनी जिना पाहिला. जिना रिकामा. समोरच्या न्हाव्याचा रेडिओ पाहिला, तोही बंद. त्यांनी तो नवा व्हॉल्व्हही काढूनच घेतला. ती जागा मोकळी असली की समोर कोणी छाती फोडून ओरडलं तरी स्पीकरपर्यंत शब्द पोहोचायचा नाही.

ठेका चालूच होता. त्याच्यावर आता गुणगुणणंही आलं, स्वयंपाकघरातून यायचं तसं, अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्यापासून.

काकांनी प्लग ओढला. वायर काढली तरी अँपच्या पोटात वीज दबा धरून बसते; ती काढून टाकल्याशिवाय आत हात घालणारा कारागीर म्हातारा होत नाही. काकांनी ती रीतसर उतरवली. मीटर लावला. काटा शून्यावर निपचित पडला.

"अहो," अँप म्हणाला, "चहा गार होतोय."

कप बाजूलाच होता. त्यावर साय धरली होती.

काकांनी मुकाट्यानं चहा प्यायला. मग स्टूल ओढून अँपला पाठ टेकली. लाकूड कोमट होतं.

त्या दिवसापासून ते दुपारी दुकानाचं दार आतून लावून घेऊ लागले. गिऱ्हाइकांना वाटलं, काका झोपतात. काका आत दिवसभराचं सगळं सांगत बसलेले असत. अँप फारसा बोलत नसे. मधूनच "हं" म्हणे. काकांना तेवढं पुष्कळ होतं.

मुलगी आली ती टेम्पो घेऊनच.

"झाला का तयार?"

काकांनी अँपवर हात ठेवला. अँप गेला म्हणजे बायकोही गेली. आणि तिला पुन्हा एकदा जाताना बघायची ताकद त्यांच्यात नव्हती.

"कसला तयार! ट्रान्सफॉर्मर जळाला त्याचा. संपला विषय. असा धूर निघाला, की समोरचा न्हावी बादली घेऊन धावला."

"न्हाव्याकडे बादली?"

"अगं, दाढीच्या पाण्याची."

"बरं." तिनं नाक वर करून हुंगलं. "मग वास कुठाय? जळका ट्रान्सफॉर्मर कपड्यांतून जात नाही, असं तुम्हीच सांगायचात."

"म्हणून तर ही खिडकी सताड उघडी ठेवली. रात्रंदिवस. सर्दी झाली मला."

मुलगी अँपपाशी खाली बसली आणि जमिनीवर पडलेली वायर गुंडाळू लागली. प्लग तिच्या मुठीत होता.

"ती खिडकी रंगानं चिकटलीय, कधीची," अँप म्हणाला. "खोटं बोलतायत."

 काकांनी मुलीकडे पाहिलं.

ती दचकली नाही. वायरीचा शेवटचा वेढा तिनं नीट बसवला, भेंडोळं अँपवर ठेवलं आणि स्पीकरच्या जाळीवरची धूळ ओढणीच्या टोकानं पुसली.

"राहू दे हा इथेच, बाबा," ती म्हणाली.

मग जाळीकडे वाकून, आवाज जरा खाली आणून:

"हो गं, आई. काल माझ्या घरी म्हणालीस ना, बाबा थाप मारतील म्हणून, अगदी तस्संच बोलले."