दोन शिट्ट्या

बसा. दिवा जरा मोठा करतो. बोलता बोलता मध्ये थांबलो तर राग मानू नका, हल्ली दम पुरत नाही.

पळणाऱ्या लोकांची मला पहिल्यापासून चीड. रंगीत बूट घालून तोंड वेंगाडत धावायचं आणि मग दिवसभर सांगत सुटायचं. आमचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, त्यातलाच. पन्नाशीत हे खूळ डोक्यात शिरलं. मनगटावर शिट्ट्या वाजवणारं घड्याळ. एक शिट्टी झाली की मिनिटभर पळायचं, दोन झाल्या की दोन मिनिटं चालायचं. पळताना बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग कमी करायचा. म्हणे दम असा हळूहळू वाढतो! मी सगळ्यांदेखत म्हणालो, "हे पळणं की फेरफटका? न थांबता तळ्याला एक फेरी मारून दाखव." तिसऱ्याच आठवड्यात गाढवाने मारून दाखवली. फेरी पूर्ण केली आणि तिथेच कोसळला, तो उठलाच नाही. कुणी काहीही म्हणेल, आपण ऐकायचं?

वर्षभरात माझंच हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं. थोडं पळा, थोडं चाला; एकदम जोर केलात तर संपलात. बायकोने भावाचं घड्याळ माझ्यापुढे ठेवलं. मी गाडी चालवायला शिकवतो. पंचवीस वर्षं शेजारी बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबलाय. आणि मला शिकवणार कोण, तर हे घड्याळ.

पहाटे तळ्यावर धुकं होतं, शेवाळाचा ओला वास होता. मिनिटभर पळालो. दोन शिट्ट्या झाल्या, चालायला लागलो. तेव्हा मागे बुटांचा आवाज आला. मी चालत होतो, तो पळत होता. असेल एखादा शहाणा, म्हटलं. पुन्हा पळालो, पुन्हा चाललो. मागचे पाय मात्र थांबेनात... दर खेपेला जवळ येत होते. वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

पुन्हा एक शिट्टी. पळालो. मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. दोन शिट्ट्या काही वाजेनात. छाती फुटायला आली. थांबायला गेलो तर पाय ऐकेनात. उजवा पाय सवयीने ब्रेक शोधत नुसता आपटत होता.

मग अगदी कानाशी, जराही धाप न लागता, कुणीतरी बोललं.

"भावोजी... बोलता येतंय ना?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"नाही ना...? मलाही येत नव्हतं."

फेरी संपली तिथे बायको उभी होती. तिने मला धरून बाकावर बसवलं. माझ्यामागे कुणीच नव्हतं, म्हणते. घड्याळ मी तिच्यादेखत तळ्यात भिरकावलं. खरं सांगतो, भीतीपेक्षा मला तिच्यापुढे लाज वाटली.

त्याला आज सहा दिवस झाले. तुम्ही आलात तेव्हापासून मी या खुर्चीतून हललेलो नाही... तरी ही धाप ऐकताय ना? दोन शिट्ट्या अजून... वाजलेल्या नाहीत.