दोराचा मध्य

देवापुढे हात जोडून मी आजवर कितीतरी नेम बोलले. काही निभावले, काही मोडले. मोडलेले देवानेच पोटात घातले असतील. एक मात्र अजून चुकू दिला नाही. दारात येऊन कोणी काही विचारलं, तर त्याला उत्तर दिल्यावाचून दाराला कडी घालायची नाही. मग तो माणूस कितीही नकोसा असो. हा नेम मला पोथीनं दिला नाही, मामंजींच्या एका गोष्टीनं दिला.

त्या रात्री वीज गेलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे माझी लेक आणि जावेचा मुलगा डोंगरावर जाणार होते आणि घरात नुसता कल्ला. पुतण्याची डोक्याला बांधायची बॅटरी सापडत नव्हती.

"काकू, कोणीतरी ढापलीय! मी इथेच ठेवली होती!"

"तुला स्वतःचं डोकं तरी सापडतं का वेळेवर?" लेक म्हणाली.

"समोरच्या दूधवाल्यानंच उचलली असणार. सकाळी दारात उभा होता."

मामंजी खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांचं दुकान बॅगा आणि ताडपत्र्या शिवायचं. उभा जन्म जाड सुईशी गेला. ते हळूच म्हणाले, "बघितलंस का त्याला उचलताना? नाही ना? मग नाव नको घेऊस. बसा इथे दोघं. माझ्या ओळखीच्या एका माणसानं असंच नाव घेतलं होतं."

मुलं बसली. मीही भांडी तशीच ठेवून उंबऱ्याशी टेकले. पुढचं त्यांच्याच शब्दांत सांगते.

माझ्या दुकानात एक पेंटर यायचा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि सुटी मिळाली की डोंगर. बायको म्हणायची, "यांचं लग्न आधी डोंगराशी झालंय, मी दुसरेपणाची." त्याचा जोडीदार होता डावरा. डाव्या हातानं रंगवायचा म्हणून डावरा. दोघं एकाच शिडीवर काम करत, एकाच डब्यात जेवत. कड्यावर पेंटर पुढे, डावरा मागे. लोक डावऱ्याला चिडवत, "पेंटरची शेपटी आली रे!" तोही हसायचा. निदान आम्हाला तरी तसं वाटायचं.

तर मार्चमधला दुसरा बुधवार. पेंटर दुकानात आला तो लाल धाग्यासाठी. जाड, मेणाचा. मी विचारलं, "हा कशाला?"

म्हणाला, "मामा, कड्यावरून उतरताना आम्ही दोर खडकात ठोकलेल्या रिंगेतून दुहेरी ओवतो. दोन्ही टोकं सारखी खाली जायला हवीत, म्हणून दोराच्या बरोबर मध्यावर लाल धागा गुंडाळून ठेवलेला असतो. अंधारात हाताला लागतो. परवा माझा दोर एका टोकाला दगडावर घासला. तो सहा हात तुकडा मी कापून टाकला. आता मध्य सरकला ना! जुना धागा काढून तीन हात पलीकडे नवा गुंडाळायचा."

"आणि नाही गुंडाळला तर?"

"तर एक टोक आखूड पडतं. उतरणारा दोन्ही दोर धरून येतो, आखूड टोक हातातून निसटतं, आणि मग..." त्यानं बोटं मोकळी सोडून दाखवली. "पण माझ्याशिवाय तो दोर वापरतोय कोण?"

रीळ खिशात टाकून तो गेला. तासाभरानं धावत परत. चेहरा उतरलेला. "मामा, सॅक गेली."

दोर, हेडलॅम्प, सगळं एकाच सॅकमध्ये, कामाच्या खोलीत खुंटीला टांगलेलं. दाराचं कुलूप शाबूत. किल्ली रंगाच्या रिकाम्या डब्याखाली असायची, ती जागच्या जागी. वर्षानुवर्षं एकेक करून जमवलेलं सामान. त्या सॅकचा पट्टा मीच शिवला होता, पिवळ्या दोऱ्यानं, कारण त्या दिवशी काळा संपला होता.

डावरा त्याच्याबरोबर गल्लीभर फिरला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वस्तू काय रे, पुन्हा होतील. मला तर त्या इस्त्रीवाल्याचाच संशय येतो. तुझ्या खोलीकडे सारखा बघत असतो." पेंटरनं तसंच जाऊन इस्त्रीवाल्याची गचांडी धरली. भर रस्त्यात. त्या गरिबाच्या हातातला कोणाचा तरी शर्ट चिखलात पडला. डावरा शेजारी उभा होता. एक शब्द बोलला नाही.

शुक्रवारी डावरा म्हणाला, बहिणीकडे जाऊन येतो. गेला.

शनिवारची रात्र. साडेबारा होत आले होते. पेंटरची बायको माहेरी. हा एकटा. जिन्याचा दिवा आठवडाभर बंद. दारावर थाप पडली.

"कोण?"

"मी रे."

आवाज ओळखीचा. यानं दार उघडलं. बाहेर मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात कपाळाच्या उंचीवर एक उजेड. थेट डोळ्यांत. मागचा चेहरा दिसेना. पेंटरनं डोळ्यांवर हात धरला. उजेडाच्या खाली खांदा दिसला. खांद्यावर पट्टा.

पट्ट्यावर पिवळी शिवण.

मुलांनो, तो मला नंतर म्हणाला, "मामा, त्या वेळी मला भीती नाही वाटली. भीती परवडली असती."

"तू?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"परत आणून ठेवणार होतो."

"तू... माझ्याबरोबर शोधत फिरलास..."

"पेंटर, एक सांग. दोराचा मध्य कुठाय रे?"

"चोरलीस ती चोरलीस, वर मलाच विचारतोस? जा! तोंड दाखवू नकोस!"

दार आपटलं. कडी घातली. बाहेर शांतता. पावलं वाजली नाहीत. मग अगदी दाराला तोंड लावून कोणीतरी बोलावं, तसं...

"पुरत नाहीये रे."

रविवारी सकाळी फोन आला. डोंगराखालच्या माणसांना डावरा कड्याच्या पायथ्याशी सापडला होता. शनिवारी दिवेलागणीला पडला असं म्हणत होते. एकट्यानं चढून गेला होता. वर पोचला होता, बरं का. शेपटी नव्हता तो. उतरताना गेला. पोलिसांनी सॅक आणि दोर ताब्यात घेऊन कपाटात बंद केले.

"म्हणजे रात्री दारात..." पुतण्या म्हणाला.

मामंजी पुढे सांगू लागले.

रविवारी रात्री पुन्हा थाप. पेंटरनं उघडलं नाही. सोमवारी बायको माहेराहून आली. त्या रात्री तिनंही ऐकलं. तीन थापा. मग तोच आवाज. "मध्य कुठाय रे?" धीराची बाई ती. म्हणाली, "अहो, सांगून टाका ना."

"चोराला सांगू?"

"चोर असो की कोणी असो. अडकलाय तो. भांडण उद्या करा. उत्तर आत्ता द्या."

पेंटर उठला. दाराला पाठ लावून खाली बसला. कडी काढली नाही. बाहेरही कोणीतरी बसल्यासारखं... दाराला पलीकडून भार पडल्यासारखं.

"डावऱ्या," तो म्हणाला, "मागितला असतास तर दिला नसता का मी?"

काही नाही.

"इस्त्रीवाल्याची मी गचांडी धरली. तू बघत राहिलास."

काही नाही.

"पुढे जायचं होतं, तर एकदा म्हणायचंस. मी मागे राहिलो असतो रे..."

पलीकडे श्वास. की वारा. जिन्यात वारा येत नाही.

"लाल धागा मध्य नाही. जुना आहे तो. तिथून लांब टोकाकडे तीन हात. तिथे मध्य."

मग त्यानं कडी काढली. दार बोटभर उघडलं. न बघता, लाल धाग्याचं नवं रीळ बाहेर ठेवलं. दार लोटलं.

थाप पुन्हा पडली नाही. सकाळी रीळ तिथे नव्हतं.

मंगळवारी पेंटर इस्त्रीवाल्याकडे गेला. चारचौघांत हात जोडले. तो म्हणाला, "शर्ट दोनदा धुवावा लागला, साहेब," आणि चहा पाजला. पुढे दोन महिन्यांनी पोलिसांनी कपाट उघडून सॅक आणि दोर परत दिला. पेंटरनं दोर घरी नेला नाही. थेट माझ्या दुकानात. म्हणाला, "मामा, ठेववत नाही आणि टाकवतही नाही."

मामंजी उठले. माळ्यावर चाचपून त्यांनी एक जुनी पिशवी खाली घेतली. त्यात दोराची गुंडाळी. "उजेड धरा कोणीतरी."

माझी लेक आत गेली. स्वतःच्या बॅगेतून काहीतरी घेऊन आली. पुतण्याची बॅटरी. ती तिनं आजोबांच्या हातात दिली आणि मान खाली घालून म्हणाली, "माझी चालत नव्हती. परत ठेवणारच होते."

ते शब्द तिच्याच कानावर पडले असावेत. ती पुतण्याकडे न बघताच खाली बसली.

मामंजींनी उजेड दोरावर धरला. एका जागी जुन्या धाग्याचा फिका लाल डाग होता, धागा नव्हता. तिथून त्यांनी हातानं मोजत नेलं. एक हात. दोन. तीन. तिथे नवा, मेणाचा लाल धागा. घट्ट, नीट गुंडाळलेला.

"माझ्या दुकानातला," ते म्हणाले. "आता वेढे बघा. मी गुंडाळतो असा, पेंटर गुंडाळायचा तोही असाच. सगळे उजव्या हाताचे असाच गुंडाळतात."

तो धागा उलट्या बाजूनं गुंडाळलेला होता.

मी स्वतः पाहिला. बोट लावून पाहिला. त्याच रात्री कडी घालायच्या आधी मी देवापुढे उभी राहिले आणि हा नेम बोलले. तेव्हापासून दारात भांडण आलं, नको ते माणूस आलं, तरी आधी उत्तर, मग कडी. आणि खरं सांगते, उत्तर देईपर्यंत निम्मा राग विरून जातो.

तुम्ही हे वाचताय तेव्हा तुमच्याकडेही रात्र झाली असेल. माझं एवढं ऐका. आज कडी घालण्यापूर्वी जरा थांबा. ज्यानं तुम्हाला फसवलं, त्यानं काही विचारलं असेल आणि तुम्ही दार आपटलं असेल, तर उत्तर देऊन टाका. राग उद्यापर्यंत ठेवा हवा तर.

पलीकडे कोण अडकलंय, आपल्याला काय ठाऊक.