एक न फुटलेला पासवर्ड

लॅबमध्ये चपला दाराबाहेर काढून जायचं, हा ठाण्याच्या त्या कॉलेजातला १९९७ सालचा सुरक्षेचा पहिला नियम. चपला चोरीला गेल्या तरी चालतील, संगणकाच्या पोटात धूळ जाता कामा नये. संगणकशास्त्राच्या एम.एस्सी.चा गोपीनाथ भोईर अनवाणी आत शिरला, मोकळ्या खुर्चीवर बसला आणि पासवर्ड टाइप केला.

"चार टकटक," शेजारून आवाज आला. "गोपी... ना?"

ती हेमा, नौपाड्याची, त्याच्याच वर्गातली. आजवर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"स्वतःचं नाव कधी ठेवू नये," पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली.

गोपीनाथ आज्ञाधारक. त्याने त्याच दिवशी स्वतःचं नाव काढलं... आणि तिचं ठेवलं.

पासवर्ड म्हणजे संगणकाचं कुलूप, असं त्याने घरी, भोपर गावात, सांगितलं होतं. वडील, भगवान भोईर, म्हणत, "दोन वर्सां निसता कुलूप लावाला शिकतंस? आपले खल्यावर कुत्रा हाय ना."

पुढे हेमाने प्रबंधाला विषय घेतला, वर्गाचे पासवर्ड फोडण्याचा. वर्गाला शिकवणाऱ्या शीला मॅडमनी परवानगी दिली, वर अटही घातली: फुटलेले पासवर्ड नावानिशी वर्गात वाचायचे. लाज वाटली की माणूस शिकतो. हेमाने देव, क्रिकेटपटू आणि वर्गाचा अख्खा हजेरीपट यांची यादी करून प्रोग्राम चालवला.

वाचनाच्या दिवशी गोपीनाथ मुद्दाम शेवटच्या बाकावर बसला. 'हेमा' हा शब्द हेमाच वाचणार, बेचाळीस जणांचा वर्ग हसणार, आणि मग शेजारची खुर्ची कायमची रिकामी.

"भिवा पाटील, गणपती. पंढरी ठाकूर, सचिन. गोपीनाथ भोईर..." तिने पान उलटलं. "फुटला नाही."

"बघा," मॅडम म्हणाल्या. "भोईर, पासवर्ड कसा निवडावा, सांग सगळ्यांना."

गोपीनाथ उठला. "स्वतःचं नाव कधी ठेवू नये," म्हणाला आणि बसला. वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं.

तास संपल्यावर दाराशी, चपलांच्या ढिगापाशी, त्याने तिला गाठलं.

"यादीत अख्खा हजेरीपट होता ना?"

"होता."

"तुझ्यासकट?"

"मी रोज हजर असते."

"मग माझा..."

"पहिल्या सेकंदाला." ती सँडलचा पट्टा लावत होती — एकच पट्टा, बराच वेळ.

"प्रबंधात खोटं लिहिलंस?"

"एकच ओळ."

गोपीनाथने मान डोलावली. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "एक्केचाळीसच तपासलेस. तुझा राहिला."

"मला ठाऊक होता."

"पक्का आहे?"

"छे. अगदीच कच्चा. चार टकटक." आता तिने वर पाहिलं. "तू सोडून दिलास ना... म्हटलं, वाया कशाला घालवायचा?"

गोपीनाथने शांतपणे दोन्ही पायांत चपला सरकवल्या आणि तिच्याबरोबर स्टेशनापर्यंत चालत गेला. त्यातली एक चप्पल भिवाची होती. हे भोपरला खळ्यावरच्या कुत्र्याने, एकाच पायावर भुंकून, त्याच्या लक्षात आणून दिलं.