झोपाळ्याची फळी

बोईसरच्या बाजारात, रामनाथच्या भंगाराच्या दुकानासमोर, भर दुपारी एका साखळीची दोन टोकं दोघांच्या हातात होती आणि सोडायला कुणीच तयार नव्हतं.

एक टोक सुलूकडे. चिंचणीच्या चिकूच्या वाडीतली ही मुलगी पालघरच्या शिवणक्लासहून परतताना वाट वाकडी करून इथे यायचीच. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झाल्यापासून रामनाथकडे काय वाट्टेल ते येऊन पडत होतं – परदेशी खोकी, बिस्किटांचे डबे, साहेबलोकांच्या बंगल्यातले विटके पडदे. त्या पडद्यांचे सुलू अभ्रे शिवायची, डबे रंगवून त्यांत तुळशी लावायची. घरातले तिला ‘भंगारवाली’ म्हणून चिडवायचे आणि तिचेच अभ्रे हक्काने डोक्याखाली घ्यायचे.

दुसरं टोक एका उंच, उन्हाने रापलेल्या तरुणाच्या मुठीत होतं. गळ्यात लाल चौकड्यांचा रुमाल, आणि डोळ्यांत असं हसू की सुलूला ते बघूनच राग आला.

“सोडा,” ती म्हणाली.

“तुमी सोडा, बाय. मी आदी पकडली.”

“तुम्ही आधी पाहिली असेल. पकडली मी.”

“अरे भाई, चेन एक है और गाहक दो,” रामनाथने चहाचा ग्लास उचलला. “आपस में फैसला कर लो, तब तक मैं चाय पीता हूँ.”

“मला होडीच्या नांगराला पायजे,” तो तरुण म्हणाला. “तुमाला कशाला? बैल बांधायचाय?”

“आईसाठी हवीय.”

“आईला बांधनार?”

“तिच्या झोपाळ्याला!” सुलू कडाडली, आणि मग तिलाच हसू फुटलं. ते लपवायला तिने साखळीला जोराचा हिसका दिला. त्याने नेमकी तेव्हाच मूठ सैल केली… आणि सुलू साखळीसकट बिस्किटांच्या डब्यांत जाऊन बसली.

तो धावत आला, पण हसणं काही त्याला आवरेना. “घ्या, तुमीच घ्या. नांगराला थोडे दीस दोर चालंल. आईला दोर नको.”

दुसरी कुणी असती तर लाजली असती, निदान आभार तरी मानले असते. सुलूने परकर झटकला आणि विचारलं, “चांगली सागवानी फळी कुठे मिळेल?”

तो क्षणभर बघतच राहिला. मग म्हणाला, “आमची जुनी होडी मोडायला काढलीय. सातपाटीला या. कमलाकांतचं घर विचारा, कुनी बी दाखवंल.”

घरी ओटीवरच्या आढ्याला झोपाळ्याची दोन कडी अजून तशीच लटकत होती. सुलूची आई लग्न होऊन आली त्या दिवसापासून दुपारची आवराआवर झाली की झोपाळ्यावर बसायची. तेवढा अर्धा तास तिचा. त्या वेळी ती कुणाची बायको नसायची, कुणाची आई नसायची. पायाच्या अंगठ्याने हलकेच झोका द्यायची आणि गुणगुणायची. गेल्या पावसाळ्यात फळी वाळवीने खाल्ली, साखळ्या खाऱ्या वाऱ्याने. आई काही बोलली नाही. पण अजूनही रोज दुपारी ती पदराला हात पुसत ओटीवर यायची, त्या कड्यांखाली जरा उभी राहायची, आणि आत जायची.

हे फक्त सुलूनेच पाहिलं होतं. “अप्पा, झोपाळा करू या ना,” म्हटलं की अप्पांचं उत्तर तयार असायचं, “पुढच्या वर्षी बघू.” विहिरीचा रहाट, सुलूचं लग्न, घराची कौलं… सगळ्यालाच त्यांचं ‘पुढच्या वर्षी बघू’ असे आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

चैत्र लागला. देव्हाऱ्याजवळच्या इवल्याशा पितळी झोपाळ्यात गौर बसली. गौर महिनाभर माहेरी आलेली, आणि अक्षय्यतृतीयेला जाणार. ‘गौरीला झोपाळा आहे, आईला का नको?’ सुलूने मनाशी ठरवलं, गौर जाण्याआधी आई झोपाळ्यावर बसलेली दिसली पाहिजे. झालंच पाहिजे.

सातपाटीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या पलीकडे कमलाकांतची होडी उघडीवाघडी पडली होती. सुलूने एकेक फळी पाहिली. सगळ्या होडीच्या पोटासारख्या वाकलेल्या.

“या झोपाळ्यावर आई बसली तर घरंगळून खाली येईल,” ती म्हणाली.

“मग तिला बी डब्यात बसवा,” तो हळूच म्हणाला. सुलूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण कान मात्र तापले.

आणि तेवढ्यात तिला ती फळी दिसली. कमलाकांतच्या दारात, दोन दगडांवर ठेवलेली. सरळ, रुंद, वर्षानुवर्षांच्या बसण्याने गुळगुळीत झालेली. तिच्यावर त्याची आई, येसूबाई, सुकट निवडत बसली होती.

“ही!” सुलू म्हणाली.

येसूबाईंचे हात थांबले. “ही नाय, पोरी. यावर कमलाकांतचा बाप बसायचा, सुकानाजवल. जलमभर बसला. तो गेला, आता मी बसते. ही फली घराबाहेर जायची नाय.”

त्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्याच्यापुढे काही चालेना. सुलू परतली. एसटीच्या थांब्यापर्यंत कमलाकांत बरोबर चालत होता, दोघांच्या मध्ये चांगलं बैलगाडीभर अंतर ठेवून.

“दुसरी बघून देतो,” तो म्हणाला.

“मला तीच हवी.”

“लई हट्टी हाय तुमी.”

“आहेच मुळी.”

“बरं हाय,” तो वाळूकडे बघत म्हणाला. “मला हट्टी मानसं आवडतात.”

त्यानंतर पालघरच्या एसटी स्टँडवर, जांभळीच्या सावलीत, तो वरचेवर दिसू लागला. कधी मासळीच्या टोपल्या गाडीवर चढवायला आलेला, कधी उगाचच. कधी पानात ताडगोळे आणायचा, तर कधी नुसत्या गप्पा. सुलूला बस चुकायची सवय लागली. घरी तिने सांगितलं, उन्हाळ्यात गाड्यांचा काही नेम नसतो.

“आता काय शिवताय?” त्याने एकदा विचारलं.

“फळीची गादी.”

“फली नाय, आनी गादी?”

“फळी येईल. माप घेऊन ठेवलंय मी, डोळ्यांनी.” ती थांबली. “तुकड्यांची करतेय. तुमच्याकडे काही जुनं कापड असेल तर द्या.”

दुसऱ्या खेपेला त्याने एक पुडकं आणलं. त्यात जुन्या शिडाचा तुकडा होता, आणि विरलेला, कडा फाटलेला लाल चौकड्यांचा रुमाल. “बाबांचा,” तो म्हणाला. “आयने फेकायला काढला आनी परत उचलून ठेवला. असं किती येला झालं. तुमी नीट कराल म्हनून…” पुडकं देताना बोटाला बोट लागलं, आणि मग दोघांनाही जांभळीच्या झाडावर काहीतरी फार बघण्यासारखं दिसलं.

ही बातमी चिंचणीला पोचायला काय वेळ? “सातपाटीला कशाला जातेस?” अप्पांनी जेवताना विचारलं. “दर्यावरची माणसं निराळी, आपण निराळे.”

“अप्पा, तुमच्या ताटात बोंबील आहेत,” सुलू म्हणाली. “ते वाडीत उगवले का?”

आईने पदर तोंडाला लावला. अप्पा पाणी प्यायले आणि उठले. सुलूला मात्र त्या घासानंतर जेवण गेलं नाही. इतके दिवस ती फळीसाठी झटत होती. आता मनात फळी आली की तिच्यामागून एक हसरा चेहराही येत होता. दोन्ही हातचं जाईल की काय, या विचाराने तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

वाडीतल्या सावरीची बोंडं उकलली होती. तिने कापूस वेचला, पिंजला, भरला. पडद्याचे निळे तुकडे, आईच्या जुन्या लुगड्याचा काठ, शिडाचं जाडंभरडं कापड, आणि मधोमध तो लाल चौकड्यांचा रुमाल. फाटलेल्या कडा तिने इतक्या बारीक टाक्यांनी धरल्या होत्या की बोट फिरवल्यावरच कळावं.

अक्षय्यतृतीया जवळ आली तरी येसूबाईंचं ‘नाय’ हललं नव्हतं. गादी काखोटीला मारून सुलू सातपाटीला गेली. येसूबाई त्याच फळीवर, त्याच सुकटीपुढे. उठताना त्यांनी गुडघा धरला, ते सुलूने पाहिलं. येताना घोकून ठेवलेलं सगळं ती विसरली.

“मावशी, जरा सरका,” ती म्हणाली आणि गादी फळीवर अंथरली. बरोबर बसली. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. “फळी नको मला. तुम्हाला खाली कडक लागतं. गादी या फळीची आहे, इथेच राहू दे.”

येसूबाईंनी मधल्या रुमालावर हात ठेवला. बोटं कडेवरून फिरली. मग म्हणाल्या, “चा घेनार?”

चहा पिऊन सुलू निघाली. फळी मिळाली नव्हती. बसमध्ये तिला रडू आलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

अक्षय्यतृतीयेच्या दिवशी सकाळपासून घरात कैरीच्या डाळीचा, पन्ह्यातल्या वेलचीचा वास दरवळत होता. सुलूने कापडी पोपटांचं तोरण दाराला लावलं, गौरीपुढे कलिंगड कापून ठेवलं. ओटीवरच्या कड्यांकडे मात्र ती बघत नव्हती. इतक्यात वाडीच्या पलीकडून, किनाऱ्याच्या बाजूने कुणीतरी हाक मारली.

कमलाकांत येत होता. खांद्यावर फळी, आणि मागून गादीची गुंडाळी छातीशी धरून येसूबाई. दोघं होडीने आली होती.

“आज एक दीस,” येसूबाईंनी दारातूनच सांगून टाकलं. “सांजच्याला फली माज्या घरी. उसनी देते. पोरगी माजा धनी शिवून घेऊन आली, मग मी काय दगडाची हाय?”

सुलूने साखळी आणली. तिचे चार सारखे भाग करून ती केव्हाचीच घासूनपुसून तयार होती. कमलाकांतने कड्यांना साखळ्या अडकवल्या, फळी तोलून बांधली, वर गादी घातली. अप्पा खांबाला टेकून बघत होते.

आई बाहेर आली. झोपाळा बघितला आणि जागच्या जागी उभी राहिली. मग तिने येसूबाईंचा हात धरला.

“मी नाय,” येसूबाई मागे सरकल्या. “सणाचा दीस. कपाल मोकलं माजं. सवाष्नी बसू दे.”

“फळी तुमच्या घरची, पहिला झोका तुमचा,” आई म्हणाली. “बसा. मी शेजारी बसते.”

दोघी बसल्या. आईच्या अंगठ्याने जमिनीला हलकेच रेटा दिला. साखळी कुरकुरली, झोपाळा हलला, आणि थोड्या वेळाने आईचं ते जुनं गुणगुणणं ऐकू आलं. सुलू आत पळाली. पन्हं गाळायचं निमित्त करून ती चुलीपाशी मनसोक्त रडली.

दुपार कशी सरली कळलं नाही. शेजारणी आल्या, डाळ संपली, येसूबाई तीन वाट्या पन्हं प्यायल्या. उन्हं कलली तशी भरती आली आणि होडी काढायची वेळ झाली. कमलाकांत ओटीवर येऊन साखळ्या सोडवू लागला. सुलू फळीला धरून उभी राहिली, तशीच, जशी बोईसरला साखळीला धरून उभी होती.

“सोडा,” तो म्हणाला. हसून म्हणाला, पण हसू डोळ्यांत पोचलं नाही. “आयला सबूद दिलाय.”

“न्या. पण पुढच्या चैत्रात परत आणायची.”

“आनीन. दर चैत्रात आनीन.”

“नुसती फळी नाही,” सुलू म्हणाली. “चैत्रात गौर माहेरी येते ना… तसं माझं माहेर हे. फळीबरोबर मलाही आणायचं. महिनाभर आईबरोबर झोके घेईन. आणि अक्षय्यतृतीयेला फळी आणि मी, आम्ही दोघी परत आपल्या घरी. सातपाटीला.”

त्याच्या हातातला साखळीचा दुवा खाली पडला. “म्हंजे…”

“म्हणजे तेच.”

“मी म्हैनाभर जांभलीखाली हेच कसं बोलू म्हनून…”

“कळत होतं मला. बस चुकवायची तरी किती? म्हणून मीच बोलले.” ती लाजली, पण मान वर ठेवूनच. “मला तुम्ही हवे आहात. फळीपेक्षाही.”

त्याने फळीवरच्या तिच्या हातावर हात ठेवला. “मला बी,” तो इतकंच म्हणाला, आणि तेवढ्यात अप्पा खोकले.

ते दारातच होते. केव्हापासून होते, कुणास ठाऊक. आत आई आणि येसूबाई पानाला चुना लावता लावता दाराकडे वळल्या. कमलाकांतने हात मागे घेतला, खाली मान घालून फळी काढली, आणि मग साखळ्यांना हात घातला.

अप्पांनी एकदा लेकीकडे पाहिलं. एकदा आईकडे पाहिलं. ती सकाळपासून किती वर्षांनी लहान दिसत होती. मग ते पुढे आले.

“त्या कशाला काढतोस?” ते म्हणाले. “फळी तेवढी ने. साखळ्या राहू देत वर. पुढच्या वर्षी लागतील.”

सुलूने कान देऊन ऐकलं. या वेळी ते ‘बघू’ म्हणाले नव्हते.